छोट्या काचपेटीला दिवा किती?



आपल्या विज्ञान कक्षातील छोटी काचपेटी सर्वांच्या परिचयाची आहे. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती जी गर्दी होते, ती फळ्याभोवती कधी झाल्याचे आम्हांला आठवत नाही. गेल्या सत्रात या पेटीतील चार गप्पी माशांपैकी तीन मेले. ते का मेले, हे त्या वेळी आम्ही नीट सांगितले नव्हते. आज सांगतो, कारण त्यात एक संपूर्ण धडा आहे. तो धडा आधी आम्हांला शिकावा लागला.

काय घडले?

पेटी ३० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि २० उंच. गणेशोत्सवाच्या सुमारास ती दक्षिणेकडील खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. तळाशी धुतलेली बारीक खडी, तीत हायड्रिला आणि वॅलिस्नेरिया ही दोन पाणवनस्पतींची रोपे, आणि चार मासे. दिवाळीपर्यंत सर्व ठीक होते. दिवाळीनंतर हायड्रिलाची देठे लांबुडकी आणि फिकट दिसू लागली. आम्ही म्हटले, उजेड कमी पडतो आहे. लगेच टेबलावरचा दिवा आणून त्यात ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला आणि तो पाण्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. सकाळी साडेसातला लागे, संध्याकाळी साडेपाचला बंद होई.

पंधरा-वीस दिवसांत पाणी हिरवे होऊ लागले. मासे नीट दिसेनात. तेव्हा आम्ही दिवा आणखी जवळ आणला! संक्रांतीची सुट्टी आली, खिडक्यांची दारे लावली गेली, मुख्य बटण बंद झाले. दोन दिवसांनी शाळा उघडली तेव्हा तीन मासे मेलेले होते आणि चौथा पृष्ठभागाशी तोंड लावून धडपडत होता.

ज्या विद्यार्थिनीकडे त्या आठवड्याची पाळी होती, ती रडली. डोळे पुसून तिने विचारले, "सर, झाडांना उजेड आवडतो असे तुम्हीच तर सांगितले होते ना?"

सांगितले होते खरे. मग आम्ही काचपेटीच्या नोंदवहीची पाने उलटली. मुलांनी आपल्या रोजच्या हिंदीत लिहिले होते: "२ दिसंबर – टंकी पर ११ से २ तक धूप आई।" "१३ दिसंबर – पानी हरा दिख रहा है।" "४ जनवरी – मछलियाँ सुबह ऊपर मुँह करती हैं।" प्रत्येक नोंदीखाली आमची सही होती. सही केली होती, वाचले नव्हते.

वनस्पती उजेडात काय करते, अंधारात काय करते?

हा प्रश्न जुना आहे. यान इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली इंग्लंडमध्ये पाचशेहून अधिक प्रयोग करून त्यांवर पुस्तक लिहिले. पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उन्हात ठेवली की त्यांच्यावर बुडबुडे येतात, सावलीत ते थांबतात, हे त्याने पाहिले. रात्री वनस्पती हवा सुधारत नाही, उलट थोडी बिघडवते, हेही त्यानेच दाखवले. आज आपण म्हणतो : उजेडात प्रकाशसंश्लेषण होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. श्वसन मात्र रात्रंदिवस चालते आणि त्यात प्राणवायू खर्च होतो. दिवसा जमा जास्त आणि खर्च कमी. रात्री फक्त खर्च.

पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि वॅलिस्नेरियाचे रोप ठेवून जीव आणि वनस्पती यांचा समतोल कसा राहतो ते मांडले. कुजणारी पाने आणि काचेवरचा हिरवा थर यांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या. म्हणजे हिरव्या थराचा त्रास आपल्यापासूनच सुरू झालेला नाही.

आता आमच्या पेटीचा हिशेब पाहा. हिरव्या पाण्यात सूक्ष्म शेवाळाचे असंख्य कण होते. (हिंदी पुस्तकातील 'शैवाल' म्हणजेच हे शेवाळ, आणि 'पर्णहरित' म्हणजे मराठीतील हरितद्रव्य.) दिवसा ते भरपूर प्राणवायू देत, पण रात्री तितक्याच जोमाने तो वापरत. मासे पहाटे वर येत ते याचसाठी. दोन दिवस खोली बंद राहिली तेव्हा जमा शून्य आणि खर्च चालू. शेवाळ मरू लागले, त्याच्या कुजण्यातही प्राणवायू गेला. झाडे आहेत म्हणून आम्ही हवेचा पंपही लावला नव्हता. मासे उजेडाने मेले नाहीत, अंधारातच मेले. पण ती वेळ आणली जास्तीच्या उजेडाने.

खिडकीतले ऊन आणि आपली वेधशाळा

सप्टेंबरमध्ये जी जागा चांगली होती, ती डिसेंबरमध्ये वाईट का झाली? याचे उत्तर सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या आपल्या वेधशाळेत मिळते. उज्जैन २३ अंश ११ कला उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. २१ जूनच्या दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि शंकुयंत्राची सावली दिसेनाशी होते. २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून फक्त ४३ अंशांच्या सुमारास असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाळ्यातील दुपारचे ऊन आत येत नाही, पण हिवाळ्यात ते तिरपे होऊन खोलीत लांबवर शिरते. आजीबाई हिवाळ्यात त्याच खिडकीशी बसून तीळ निवडतात, ते उगीच नव्हे!

दिवसाची लांबीही बदलते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. म्हणजे खिडकी हा असा दिवा आहे की ज्याचे बटण आपल्या हातात नाही. शिवाय दहा-बारा लिटर पाणी थेट उन्हात पटकन तापते, आणि मे महिन्यातील माळव्याच्या गरमीत लहान पेटीची काय अवस्था होईल हे सांगायला नको. म्हणून पहिला नियम : छोटी काचपेटी थेट उन्हात ठेवू नये. खिडकीपासून दूर ठेवावी आणि उजेड दिव्याने, मोजून द्यावा.

डोळ्यांवर विसंबू नका

भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. ट्यूबलाइट लावलेल्या वर्गात ती काही शे लक्स इतकीच असते. शेकडो पटींचा फरक! तरी आपण दोन्ही ठिकाणी आरामात वाचतो, कारण डोळ्याची बाहुली लहानमोठी होते आणि डोळा सवय लावून घेतो. पानाला अशी सोय नाही. त्याच्यावर जेवढा प्रकाश पडतो तेवढ्यातच त्याला भागवावे लागते. म्हणून "पेटी छान उजळली" यावरून दिवा निवडणे चूक आहे. दिवा आपल्या डोळ्यांसाठी नाही, पानासाठी आहे.

हिशेब कसा करावा?

बल्बच्या खोक्यावर दोन आकडे असतात. वॅट म्हणजे वीज किती लागते, आणि लुमेन म्हणजे उजेड किती निघतो. जुन्या पुस्तकांत "इतक्या पाण्याला इतके वॅट" असे नियम आहेत, ते जुन्या नळीदिव्यांसाठी होते. एलईडी कमी विजेत जास्त उजेड देतो, म्हणून आता लुमेन पाहावेत. साध्या एलईडी बल्बमध्ये एका वॅटला साधारण ९० ते १०० लुमेन मिळतात.

आता पाणी मोजू. आमच्या पेटीत पाणी १८ सेंटीमीटर उंच भरतो.
३० × २० × १८ = १०,८०० घन सेंटीमीटर, म्हणजे १०.८ लिटर. खडी-दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर खरे पाणी सुमारे ९ लिटर.

मत्स्यपालनाचा छंद असणारे पुढील अंदाज वापरतात :

१. मंद उजेडाच्या वनस्पती – जावा मॉस, अनुबियास, क्रिप्टोकोरिन. दर लिटरला १० ते २० लुमेन. आमच्या पेटीसाठी ९० ते १८०.
२. मध्यम उजेडाच्या वनस्पती – हायड्रिला, वॅलिस्नेरिया. दर लिटरला २० ते ४० लुमेन. आमच्या पेटीसाठी १८० ते ३६०.
३. तीव्र उजेडाच्या वनस्पती – बऱ्याच लाल पानांच्या जाती आणि तळाशी गालिच्यासारख्या पसरणाऱ्या काही जाती. ४० लुमेनहून जास्त. यांना पाण्यात कर्बवायूही सोडावा लागतो. नवशिक्यांनी आणि शाळांनी यांच्या वाटेला जाऊ नये.

आमचा ९ वॅटचा दिवा सुमारे ९०० लुमेन देत होता. ९ लिटरला ९००, म्हणजे दर लिटरला १०० लुमेन. वर हिवाळ्याचे ऊन वेगळे. गरजेच्या तिप्पट-चौपट उजेड आम्ही मोठ्या प्रेमाने ओतत होतो. ३ वॅटचा, सुमारे २७० लुमेनचा बल्ब पुरेसा होता. हे गणित सहावीतील मुलगाही करील. आम्ही केले नाही.

हे आकडे अंदाजाचे आहेत हेही लक्षात ठेवा. लुमेन हे माप मुळात माणसाच्या डोळ्यावरून ठरवलेले आहे. दिव्याला टोपी नसेल तर बराच उजेड भिंतीवर जातो. दिवा उंच केला की पाण्यावर पडणारा उजेड कमी होतो. उंची हे आपल्या हातातील फुकटचे साधन आहे. बल्ब जरा मोठा वाटला तर नवा आणण्याआधी दिवा वर करून पाहावा.

जास्त उजेडाने झाडे जास्त का वाढत नाहीत?

घरातील उदाहरण घ्या. पोळ्या भराभर व्हाव्यात म्हणून गॅस मोठा केला, पण कणीकच मळलेली नसेल तर पोळ्या वाढत नाहीत, तवा मात्र जळतो. वनस्पतीची कणीक म्हणजे पाण्यात विरघळलेला कर्बवायू आणि खनिजे. ती मर्यादित असली की उजेड कितीही वाढवा, पान एका हद्दीपुढे तो वापरू शकत नाही. मग त्याचा फायदा शेवाळ घेते, कारण ते थोडक्यात भागवते आणि झपाट्याने वाढते. लहान पेटीत पाणीच थोडे, म्हणून चूक सुधारायला वेळही थोडा मिळतो. उजेड कमी पडला तर रोप आठवडे-आठवडे सूचना देत राहते. जास्त झाला तर काही दिवसांतच पाणी बदलते.

कोणत्या रंगाचा उजेड?

१८८२ साली एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग केला. शेवाळाच्या धाग्यावर लोलकातून सप्तरंगी प्रकाश टाकला आणि त्याच पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांपाशी सर्वांत जास्त गोळा झाले. म्हणजे तेथे प्राणवायू जास्त तयार होत होता. हिरवा प्रकाशही पान काही प्रमाणात वापरते, पण त्याचा बराच भाग परत फिरवते, म्हणून ते आपल्याला हिरवे दिसते.

साध्या पांढऱ्या एलईडीत हे सर्व रंग कमीअधिक असतात. खोक्यावर "कूल डेलाइट" किंवा ६५०० केल्विन असे लिहिलेला बल्ब चांगला. त्यात पाणी आणि पाने स्वाभाविक दिसतात. पिवळसर बल्बमध्येही रोपे वाढतात. लुमेन पुरेसे असणे जास्त महत्त्वाचे. जांभळ्या-गुलाबी उजेडाचे खास दिवे महाग असतात आणि छोट्या पेटीला त्यांची गरज नाही. रंग बदलणाऱ्या झगमगत्या पट्ट्या मात्र शोभेच्याच समजाव्यात.

आता आम्ही काय करतो?

१. पेटी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवली आहे.
२. ३ वॅटचा पांढरा एलईडी, टोपीसह, पाण्यापासून सुमारे १५ सेंटीमीटर वर.
३. पहिले दोन आठवडे रोज सहा तास उजेड. मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवून सात तासांवर थांबलो. आठ तासांच्या पुढे जाणार नाही.
४. वेळ पाळण्यासाठी प्लगमध्ये बसणारा टायमर. तो सुट्टीचा विसर पडू देत नाही. बत्ती गुल झाली तर साधा चक्रीचा टायमर मागे पडतो, तेव्हा त्याची वेळ पुन्हा लावावी लागते. आता विज्ञान कक्षातील त्या एका प्लगची वीज सुट्टीतही चालू असते.
५. पहिले सहा आठवडे एकही मासा नाही, फक्त रोपे. त्यानंतर तीन गप्पी, तेही सर्व नर. नाहीतर पिल्लांनी पेटी भरून जाते. हवेचा छोटा पंपही लावला आहे.
६. दर शनिवारी चौथाई पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणाऱ्या औषधाचे थेंब घालूनच नवे पाणी ओततो.

अनुबियासचे जाड आडवे खोड खडीत पुरू नये, ते कुजते. दगडाला दोऱ्याने बांधावे. क्रिप्टोकोरिन नव्या जागी आले की कधी कधी त्याची पाने विरघळून जातात. घाबरून उजेड वाढवू नका. मुळे शाबूत असली तर नवी पाने येतात. याच वंशातील एक जात सह्याद्री-कोकणातील ओढ्यांत निसर्गतः वाढते, म्हणजे ही वनस्पती आपल्याला पूर्ण परकी नाही.

खर्चाची भीती बाळगू नये. ३ वॅट × ७ तास × ३० दिवस = ६३० वॅट-तास, म्हणजे महिन्याला पाऊण युनिटहूनही कमी.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी पालकांनी स्वतः पाहाव्यात. पाण्यात हात घालण्यापूर्वी दिवा आणि पंप यांचे प्लग काढावेत. तार सॉकेटच्या खाली झोळ येईल अशी सोडावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल.

पानाची भाषा

देठ लांब, पाने विरळ आणि फिकट – उजेड कमी. दिवा थोडा खाली घ्या.
पाणी हिरवे, काचेवर हिरवा थर, पानांवर केसांसारखे शेवाळ – उजेड जास्त किंवा जास्त वेळ. आधी तास कमी करा, मग दिवा वर करा. माशांना खाणे जास्त पडते का तेही पाहा.
मासे पहाटे पृष्ठभागाशी – प्राणवायू कमी. थांबू नका. पंप लावा, थोडे पाणी बदला.

पेटीबाहेरची गोष्ट

सप्तसागरांच्या या नगरीत तळ्यांवर जलकुंभी पसरलेली आपण पाहिली आहे. ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती, शोभेसाठी म्हणून देशोदेशी नेली गेली. तिने पृष्ठभाग झाकला की खाली उजेड जात नाही, तळातील वनस्पती मरतात आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. आमच्या पेटीत उजेड जास्त झाला, तेथे तो अडला. दोन्हीकडे त्रास जलचरांनाच. म्हणून पेटीतील छाटलेली रोपे, मासे किंवा गोगलगायी क्षिप्रेत अथवा कोणत्याही तळ्यात कधीही सोडू नका. छाटलेली रोपे वाळवून कुंडीत घाला.

करून पाहा

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन हायड्रिलाची ताजी फांदी कापलेले टोक वर करून बुडवा. खोलीत अंधार करा. दिवा ४०, २० आणि १० सेंटीमीटर अंतरावर ठेवून प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबा आणि मग एका मिनिटात किती बुडबुडे येतात ते मोजा. आता पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून पुन्हा मोजा. (मासे असलेल्या पाण्यात सोडा टाकू नये.)

प्रश्न :
१. अंतर निम्मे केल्यावर बुडबुडे किती पटींनी वाढले? प्रत्येक वेळी तितकेच वाढले का?
२. सोड्याने काय फरक पडला? 'कणकेच्या' उदाहरणाशी तो जोडून लिहा.
३. तुमच्या घरातील एखाद्या पेटीचे किंवा बरणीचे लिटर काढा आणि मध्यम उजेडाच्या वनस्पतींसाठी किती लुमेन लागतील ते सांगा.
४. तुमच्या घराच्या कोणत्या खिडकीत डिसेंबरमध्ये ऊन येते आणि जूनमध्ये येत नाही?

उत्तरे विज्ञान कक्षातील नोंदवहीत, आपल्या नावासह, मराठी किंवा हिंदीत लिहावीत. वहीवर सही पूर्वीप्रमाणे शनिवारीच होईल. मात्र आता पाळीचा विद्यार्थी आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवतो, आम्ही ऐकतो, आणि मगच सही करतो. गेल्या शनिवारी त्याच विद्यार्थिनीची पाळी होती. तिची नोंद अशी होती : "पानी साफ़ है। वॅलिस्नेरिया में नया पत्ता। तीनों मछलियाँ ठीक।"

– प्राचार्य